मुलांचा डॉक्टर व विम्याचे कार्ड : एक पाठ



अमेरिकेत नव्याने संसार मांडलेल्या आपल्या तरुण जोडप्यांना घर, शाळा व सिनेगॉग ही तीन ठिकाणे लवकर सापडतात. मुलांचा डॉक्टर मात्र सापडूनही सापडत नाही. दवाखाना शेजारच्या रस्त्यावर असतो, डॉक्टरच्या हाताला गुण असल्याची ख्याती असते, मूल बरेही होते; आणि महिन्याभराने टपालाने बिल येऊन पडते, तेव्हा समजते की हा डॉक्टर आपल्या विम्यातला नव्हताच. असे का होते व ते कसे टाळावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. पण हिशेबही रुक्षच असतो, आणि तो न शिकणाऱ्यालाच वाणी फसवितो.

पाठाचे सार प्रथमच सांगून टाकतो. "आपण आमचा विमा घेता का?" हा प्रश्न सगळेजण विचारतात. तो प्रश्न खोटा नाही, अपुरा आहे. पुरा प्रश्न कोणता, तो कोणाला विचारावा आणि उत्तर कोठे लिहून ठेवावे, एवढे ज्याला समजले त्याला हा पाठ समजला.

१. तीन देशांच्या तीन रीती

उमरखाडी, नागपाडा, भायखळा, जेकब सर्कल या भागांत वाढलेल्यांना फॅमिली डॉक्टर आठवत असेल. कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरी व डोसांच्या खुणांसाठी कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवी. फी रोख द्यायची. नसली तर वहीत मांडायची. बाळंतपणासाठी सरकारी कामा हॉस्पिटल होते, जेथे आपल्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ पर्यंत प्रमुख म्हणून काम केले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी आईबापांपुढे प्रश्न एकच असे : डॉक्टर चांगला आहे ना?

आपल्यापैकी जे इस्राएलमार्गे येथे आले त्यांना दुसरी रीत ठाऊक आहे. तेथे १ जानेवारी १९९५ पासून अमलात असलेल्या कायद्याने प्रत्येक रहिवासी चारांपैकी एका कुपत होलीमचा सभासद असतो, आणि तान्ह्या बाळांची वजने व लसी तिपत हालावमध्ये होतात. तेथेही आईबापांना विम्याचे व्याकरण शिकावे लागत नाही.

अमेरिकेची रीत तिसरी. येथे विमा बहुतेकांना नोकरीच्या ठिकाणाहून मिळतो, आणि याचे मूळ इतिहासात आहे. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस येथे बेलर विद्यापीठाच्या हॉस्पिटलाने शाळामास्तरांसाठी एक योजना काढली : महिन्याला ५० सेंट भरावेत व वर्षातून २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलात राहण्याचा खर्च मिळावा. पुढे ब्लू क्रॉस म्हणून जे नाव देशभर झाले त्याचा आरंभ हा. आमच्या पेशाला याचा थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. विम्यावर मात्र घातले नाही. कामगार मिळविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, आणि ती प्रथा कायम झाली. १९७३ साली एचएमओ प्रकारच्या योजनांना उत्तेजन देणारा कायदा झाला, आणि ठराविक डॉक्टरांशी करार करून त्यांच्याकडेच सभासदांना पाठविण्याची पद्धत पसरली. या करारबद्ध डॉक्टरांच्या गटाला नेटवर्क म्हणतात. म्हणून येथे आईबापांपुढे प्रश्न दोन असतात : डॉक्टर चांगला आहे ना, आणि तो आपल्या नेटवर्कमध्ये आहे ना?

२. नेटवर्क म्हणजे काय : एक उदाहरण

समजा, डॉक्टरचा एका भेटीचा आकार २२० डॉलर आहे. विमा कंपनीशी त्याने १४० डॉलरांचा करार केला आहे. डॉक्टर नेटवर्कमध्ये असेल तर वरचे ८० डॉलर त्याला सोडून द्यावे लागतात. ते तो आपल्याकडे मागू शकत नाही. उरलेल्या १४० पैकी आपण, समजा, २५ डॉलर दवाखान्यात देतो व कंपनी ११५ देते.

आता तोच डॉक्टर नेटवर्कबाहेर असला तर काय होते? ज्या योजनेत बाहेरचा डॉक्टर मुळीच चालत नाही, तेथे पूर्ण २२० डॉलर आपले. ज्या योजनेत तो चालतो, तेथेही हिशेब दिसतो तितका सोपा नसतो. कंपनी म्हणते, "आमच्या मते या भेटीचा वाजवी दर १४० डॉलर, त्याच्या ६० टक्के आम्ही देऊ." म्हणजे ८४ डॉलर. राहिलेले १३६ डॉलर आपण भरायचे, कारण बाहेरच्या डॉक्टरने ८० डॉलर सोडण्याचा करार कोणाशीच केलेला नसतो. शिवाय या ६० टक्क्यांपूर्वी बाहेरच्या उपचारांचा निराळा डिडक्टिबल पुरा करावा लागतो, तो वेगळाच.

आता "विमा घेतो" या शब्दांतली मेख लक्षात येईल. दवाखान्यातील मुलगी "हो, घेतो" म्हणते तेव्हा तिचा अर्थ इतकाच असू शकतो की आम्ही तुमच्या कंपनीला बिल पाठवू. कंपनीने त्याचे काय करावे हे ती सांगत नाही. ती खोटे बोलत नाही. आपणच अर्धे विचारलेले असते.

३. कार्ड वाचण्यास शिकणे

फोन उचलण्यापूर्वी कार्ड समोर घ्यावे. त्यावर कंपनीचे नाव मोठे छापलेले असते व योजनेचे नाव लहान. महत्त्व लहान अक्षरांना आहे. एकाच कंपनीच्या अनेक योजना असतात व प्रत्येकीचे नेटवर्क वेगळे असू शकते. एकाच कंपनीचे कार्ड असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकीला जो डॉक्टर चालतो तो दुसरीला चालेलच असे नाही. तेव्हा सिनेगॉगमध्ये एखाद्या बाईने डॉक्टरचे नाव सांगितले तर ते आभारपूर्वक लिहून घ्यावे, पण चौकशीवाचून वापरू नये.

योजनांचे चार प्रकार ओळखता आले म्हणजे पुरे.

एचएमओ : एक प्रमुख डॉक्टर निवडावा लागतो. तज्ज्ञाकडे जाण्यास बहुधा त्याची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, लागते. तातडीचा प्रसंग सोडल्यास नेटवर्कबाहेर काही मिळत नाही.

ईपीओ : बहुधा चिठ्ठी लागत नाही, पण बाहेरचा डॉक्टर येथेही चालत नाही.

पीपीओ : चिठ्ठी लागत नाही, बाहेरचा डॉक्टर चालतो, पण जास्त खर्चाने.

पीओएस : प्रमुख डॉक्टर व चिठ्ठी एचएमओप्रमाणे, बाहेर जाण्याची थोडी मुभा पीपीओप्रमाणे.

जेथे प्रमुख डॉक्टर निवडण्याची सक्ती आहे तेथे मुलासाठी बालरोगतज्ज्ञ निवडण्याचा हक्क आईबापांना २०१० च्या आरोग्य कायद्याने दिला आहे. तो नेटवर्कमध्ये असावा व नवे रुग्ण घेत असावा, इतकीच अट. कंपनीने आपण होऊन दुसऱ्याच कोणाचे नाव कार्डावर छापून पाठविले असेल तर फोन करून बदलून घ्यावे. मुलाच्या कार्डावर अनोळखी नाव तसेच राहू दिले, तर काही योजनांत तेवढ्यावरून बिल नाकारले जाते.

आता पैशांचे शब्द. दरमहा भरतो तो प्रीमियम. कंपनीने हात लावण्यापूर्वी वर्षाकाठी जो खर्च आपण सोसायचा तो डिडक्टिबल. प्रत्येक भेटीला द्यायची ठराविक रक्कम म्हणजे को-पे. टक्केवारीने द्यायचा वाटा म्हणजे को-इन्शुरन्स. आणि वर्षभरात नेटवर्कमधील विमाकृत उपचारांवर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, त्या मर्यादेस आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. वरच्या उदाहरणात डिडक्टिबल पुरा झाला नसेल व योजना आधी तो मागत असेल, तर २५ ऐवजी १४० डॉलर आपण द्यायचे. पण २२० नव्हे. नेटवर्कचा फायदा तेथेही असतोच.

मुलांच्या बाबतीत एक सवलत मोठी आहे. वरील कायद्यानुसार बहुतेक खाजगी योजनांना मुलांच्या नियमित तपासण्या व शिफारस झालेल्या लसी को-पे किंवा डिडक्टिबल न घेता द्याव्या लागतात. मात्र डॉक्टर नेटवर्कमधला हवा. (फार जुन्या, कायद्यापूर्वीपासून तशाच चालत आलेल्या काही योजना यातून सुटल्या आहेत.) अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे वेळापत्रक असे आहे : जन्मानंतर ३ ते ५ दिवसांनी, मग १, २, ४, ६, ९, १२, १५, १८, २४ व ३० महिन्यांनी, आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. पहिल्या वाढदिवसापर्यंतच सात भेटी होतात. नेटवर्कमधला डॉक्टर असेल तर या सातही विनामूल्य; नसेल तर सातही विकत.

येथे एक बारकावा. नियमित तपासणीच्या दिवशी आपण "याचा कानही दुखतो आहे" असे म्हटले आणि डॉक्टरने त्यावर वेगळी तपासणी व उपचार केले, तर त्याच दिवशी दुसरी भेट मांडली जाऊ शकते व तिचा को-पे लागतो. कान दुखत असेल तर सांगावे हे उघडच आहे. फक्त पंचवीस डॉलरांचे आश्चर्य वाटू देऊ नये.

४. पुरा प्रश्न

कंपनीच्या संगणकावरील यादीत आपला पिनकोड, म्हणजे येथील झिप कोड, घालून बालरोगतज्ज्ञांची नावे काढावीत. तीन-चार नावे निवडावीत. डॉक्टर अमेरिकन बोर्ड ऑफ पीडिॲट्रिक्सचा प्रमाणित आहे की नाही हे पाहता येते. तसा डॉक्टर म्हणजे वैद्यकीय शिक्षणानंतर मुलांच्या रोगांत निदान तीन वर्षे काम करून परीक्षा उत्तीर्ण झालेला. घराजवळ बालरोगतज्ज्ञ नसेल तर फॅमिली फिजिशियनही मुले पाहतात. त्यांच्या बाबतीतही पुढील सर्व नियम तेच.

पण यादीवर विसंबू नये. डॉक्टर निवृत्त होतात, जागा बदलतात, करार मोडतात, आणि यादीत नाव तसेच राहते. २०२३ साली अमेरिकन सिनेटच्या अर्थ समितीच्या कर्मचाऱ्यांनी वृद्धांच्या १२ विमा योजनांच्या याद्यांतून मानसोपचार करणाऱ्या १२० जणांना फोन करून पाहिले. भेटीची वेळ मिळाली ती फक्त १८ टक्के ठिकाणी. त्या याद्या बालरोगतज्ज्ञांच्या नव्हत्या हे खरे. पण यादी शिळी होण्याचा रोग सर्व शाखांना सारखाच.

म्हणून फोन दोन करावेत. पहिला दवाखान्यात, बिलांचे काम पाहणाऱ्या व्यक्तीकडे. इंग्रजी वाक्य जसेच्या तसे पाठ करावे : "आर यू इन-नेटवर्क विथ धिस एक्झॅक्ट प्लॅन?" आणि कार्डावरील योजनेचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर वाचून दाखवावे. "डू यू टेक माय इन्शुरन्स?" हे वाक्य वहीतून खोडून टाकावे. पुढे हे विचारावे :

(अ) हेच डॉक्टर, याच पत्त्यावर, नेटवर्कमध्ये आहेत काय? एका डॉक्टरचे दोन दवाखाने असतात व दोहोंचे करार निराळे असू शकतात. एका दवाखान्यातील चारही डॉक्टर एका करारात असतीलच असेही नाही.

(आ) नवे रुग्ण घेता काय? पहिली भेट किती दिवसांनी मिळेल?

(इ) रक्ताची तपासणी कोठे पाठविता? डॉक्टर आत व प्रयोगशाळा बाहेर, असा प्रकार घडतो. आपल्या योजनेची प्रयोगशाळा कोणती हे आधी सांगून ठेवावे.

(ई) मुलाला भरती करावे लागल्यास कोणत्या हॉस्पिटलात पाठविता? ते आपल्या नेटवर्कमध्ये आहे काय?

(उ) रात्री व सुटीच्या दिवशी फोनवर कोण असते?

(ऊ) डॉक्टरचा एनपीआय नंबर काय? हा दहा अंकी नंबर प्रत्येक डॉक्टरला असतो, आणि एकाच नावाचे दोन डॉक्टर असले की हाच उपयोगी पडतो.

दुसरा फोन कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या नंबरावर, विमा कंपनीकडे. डॉक्टरचे नाव, पत्ता व एनपीआय नंबर सांगून तोच प्रश्न विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक. न जुळल्यास कंपनीकडून लेखी उत्तर मागावे, अथवा दुसरा डॉक्टर पाहावा.

दोन्ही फोनांची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव व कंपनीने दिलेला रेफरन्स नंबर वहीत लिहावा. यादीचे पान छापून त्यावर तारीख घालून ठेवावी. हा मास्तरी हट्ट नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात असलेल्या नो सर्प्राइझेस ॲक्ट या कायद्याने कंपन्यांनी आपल्या याद्या निदान दर ९० दिवसांनी तपासल्या पाहिजेत; आणि कंपनीच्या यादीवर किंवा उत्तरावर विसंबून आपण गेलो व माहिती चुकीची निघाली, तर आपल्याकडून नेटवर्कमधल्या दरानेच वाटा घेता येतो. पण विसंबलो होतो हे दाखविण्यास कागद लागतो. वही नसेल तर कायदा असून नसल्यासारखा.

हे दोन फोन दरवर्षी करावेत. नोकरीच्या ठिकाणी योजना बदलली की नेटवर्क बदलते. जानेवारीत नवे कार्ड आले म्हणजे डॉक्टरही नव्याने पडताळून पाहावा.

५. बाळ जन्मल्यावरचे तीस दिवस

आतापर्यंत पैशांच्या गोष्टी झाल्या. ही गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. हॉस्पिटलात बाळाच्या जन्माची नोंद झाली म्हणजे विम्यातही झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो समज चुकीचा आहे. आईबापांनी स्वतः अर्ज करून बाळाचे नाव विम्यात घालावे लागते. नोकरीच्या विम्यात त्यासाठी जन्मापासून ३० दिवसांची मुदत कायद्याने दिली आहे. काही मालक अधिक देतात, पण त्यावर भिस्त ठेवू नये. सरकारी मार्केटप्लेसमधून घेतलेल्या विम्यास ६० दिवस. मुदतीत अर्ज केल्यास विमा जन्मदिवसापासून लागू होतो, म्हणजे हॉस्पिटलातील पहिल्या दिवसाचा खर्चही त्यात येतो. मुदत टळली तर नोकरीच्या विम्यासाठी बहुधा पुढील वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते, आणि तोवर बाळाचा प्रत्येक खर्च आपल्या अंगावर. सोशल सिक्युरिटी नंबर येण्यास आठवडे लागतात. त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नये. अर्ज आधी करावा, नंबर मागाहून कळवावा.

डॉक्टर मात्र जन्मापूर्वीच ठरवावा. सातव्या महिन्याच्या सुमारास फोन सुरू केले तर घाई होत नाही. पुष्कळ बालरोगतज्ज्ञ होऊ घातलेल्या आईबापांना भेटीस बोलावितात. बाळाची पहिली भेट ३ ते ५ दिवसांनी असते, कारण याच दिवसांत कावीळ वाढते व बाळाचे वजन उतरते. आपल्या घरांत या भेटीला आणखी एक अर्थ आहे. आठव्या दिवशी ब्रीत मिला असते, आणि कावीळ झालेल्या बाळाची सुंता ती ओसरेपर्यंत पुढे ढकलावी हा आपला जुनाच दंडक आहे. पाहुण्यांना आमंत्रणे गेली, मोहेल ठरला, आणि बाळाला पाहिलेला डॉक्टरच नाही, असे होऊ नये.

ज्या घरी आई व बाप दोघांनाही नोकरीचा विमा आहे व बाळाचे नाव दोन्हींत घातले आहे, तेथे आधी कोणाचा विमा लागू? याचा नियम गमतीचा आहे. वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा. वय पाहत नाहीत, फक्त महिना व दिवस पाहतात. आई १२ मार्चची व बाप ५ नोव्हेंबरचा असेल, तर आईचा विमा पहिला व बापाचा दुसरा. डॉक्टर निवडताना आधी आईच्या योजनेचे नेटवर्क पाहावे. (घटस्फोटित आईबापांच्या बाबतीत नियम निराळे आहेत.)

६. विमा नसेल तर

नोकरी सुटली, किंवा नोकरीत विमाच नाही, अशा घरांनी मुलाला डॉक्टरवाचून ठेवू नये. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १९६५ पासून मेडिकेड आहे. आणि ज्यांचे उत्पन्न त्याहून थोडे अधिक पण खाजगी विमा परवडत नाही, त्यांच्या मुलांसाठी १९९७ पासून चिप ही योजना आहे. यांना वार्षिक नोंदणीची मुदत नाही. वर्षात केव्हाही अर्ज करता येतो. राज्याराज्यांत नावे वेगळी : न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, न्यू यॉर्कमध्ये चाइल्ड हेल्थ प्लस. या दोन राज्यांत १९ वर्षांखालील मुलांना देशातील वास्तव्याचे कागद कोणतेही असले तरी अर्ज करता येतो. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. देशभर चालणारा चौकशीचा मोफत फोन १-८७७-५४३-७६६९ असा आहे. यात दान घेतल्याची भावना मनात आणण्याचे कारण नाही. आपण भरतो त्या करांतूनच हे चालते.

पुरा प्रश्न मात्र येथेही सुटत नाही. मेडिकेडही अनेक राज्यांत निरनिराळ्या कंपन्यांमार्फत चालते. "मेडिकेड घेता का?" असे न विचारता, कार्डावर ज्या कंपनीचे नाव असेल ते सांगून विचारावे. आणि काहीच नसेल तर सरकारी मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटरे आहेत. तेथे उत्पन्न पाहून फी ठरते व पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवीत नाहीत.

७. जवळ ठेवावयाचे कागद

भारतातून मुले घेऊन येणाऱ्यांनी लसींचे मूळ कार्ड हातातील पिशवीत आणावे. त्यात एक मोठा धोका आहे तो तारखांचा. आपण ५-११ लिहितो ते पाच नोव्हेंबर; येथील नर्स वाचते अकरा मे. लस वेळेआधी दिली असे दिसले तर ती पुन्हा देण्यास सांगतात. तेव्हा सर्व तारखा महिन्याचे नाव अक्षरांत लिहून वेगळ्या कागदावर उतरवाव्यात व तो मूळ कार्डासोबत द्यावा. आपल्या मुलांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. येथे ती लस सर्रास देत नाहीत. तिच्यामुळे क्षयाची कातडीवरची चाचणी फसवी येऊ शकते. बीसीजी झाली आहे हे डॉक्टरला आधी सांगावे. रक्ताची चाचणी करता येते.

नावांचेही तसेच. आपली आडनावे गावांवरून आलेली, आणि इंग्रजीत एकेकाची तीन-तीन रूपे. बापाच्या कार्डावर नवगावकर एक तऱ्हेने व मुलाच्या कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले, किंवा बापाचे नाव मधले न होता शेवटचे झाले, की संगणक बिल नाकारतो. पासपोर्ट, जन्मदाखला व विम्याचे कार्ड यांवर स्पेलिंग एकच असावे.

नातवंडांना दवाखान्यात नेण्याचे काम आपल्याकडे पुष्कळदा आजी-आजोबांकडे येते. येथे आजी कितीही मायेची असली तरी आईबापांच्या लेखी संमतीवाचून दवाखाना अडून बसू शकतो. आईबापांनी सही केलेले संमतिपत्र दवाखान्याच्या फायलीत ठेवावे. त्याची एक प्रत व विम्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची नक्कल आजीच्या पर्समध्ये असावी.

आणि तातडीचा प्रसंग? तेव्हा नेटवर्क पाहत बसू नये. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर लगेच डॉक्टरला फोन करावा, दिवस असो वा रात्र. शब्बाथ असला तरीही. जीव वाचविण्याच्या कामाला शब्बाथ आड येत नाही. इमर्जन्सी रूममध्ये जावे लागल्यास २०२२ पासूनच्या वरील कायद्याने ते हॉस्पिटल बाहेरचे असले तरी आपला वाटा नेटवर्कमधल्याप्रमाणेच धरला जातो. रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका मात्र त्या कायद्यातून सुटली आहे.

८. बिल आल्यावर

प्रथम कंपनीचा एक कागद येतो, त्याचे नाव एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स. ते बिल नसते. त्यावर तसे छापलेलेही असते. त्यात आकार किती, करारी दर किती, कंपनीने दिले किती व आपला वाटा किती, हे चार आकडे पाहावेत. नंतर दवाखान्याचे बिल येईल ते त्याच्याशी ताडावे. जुळल्यावाचून पैसे भरू नयेत. कंपनीने नाकारले असेल तर कारण वाचावे : पुष्कळदा ते नावातील एक अक्षर किंवा जन्मतारखेचा एक अंक असतो, व एका फोनने काम होते. न झाल्यास नकाराचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अपील करता येते. तेथेही नकार आला तर पुष्कळ प्रकारच्या तक्रारींत कंपनीबाहेरच्या तटस्थ तपासणीची मागणी करता येते. अपिलात काय जोडावे? वहीतले पान.

स्वाध्याय

रविवारी सकाळी, मुले खेळत असताना, पुढील प्रश्नांची उत्तरे घरातील कार्ड समोर ठेवून लिहावीत :

१. आपल्या योजनेचे पूर्ण नाव काय? ती एचएमओ, ईपीओ, पीपीओ, पीओएस यांपैकी कोणती?

२. मुलाचा डॉक्टर, त्याच पत्त्यावर, या वर्षी नेटवर्कमध्ये आहे हे कोणी, कोणत्या तारखेस सांगितले?

३. आईबाप दोघांच्या विम्यांत मुलाचे नाव असेल तर पहिला विमा कोणाचा?

४. आजी-आजोबांच्या नावे संमतिपत्र आहे काय?

५. घरात पुढील बाळ येणार असेल, तर तिसावा दिवस कोणी मोजावयाचा?

ज्यांची पाचही उत्तरे लिहून झाली त्यांनी हा अंक जपून न ठेवता नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला द्यावा. ज्यांना इंग्रजीत फोन करण्याचा संकोच वाटतो अशांच्या शेजारी बसून पहिला फोन आपण करून द्यावा. दुसरा ते स्वतः करतील.